जाहिरातीची मागली बाजू

माझ्या नोकरीची जाहिरात एकदा रविवारच्या पेपरात आली होती.
मी तेव्हा त्याच नोकरीत होते.
सोमवारी त्याच खुर्चीत बसून, डबा खाता खाता वाचली.
पदवी माझी, अनुभवाची वर्षं माझी,
विमानातल्या उंचीमापकाची चाचणीसुद्धा माझी,
फक्त नाव नव्हतं.
कायद्याला खात्री हवी होती
की सीडर रॅपिड्समध्ये,
जिथे वारा फिरला की गावभर भाजलेल्या ओट्सचा वास सुटतो,
या कामाला दुसरं कोणी मिळत नाही.

मिळालं नाही.
अर्ज गेला, आणि त्या अर्जाची तारीख मला चिकटली:
अकरा मार्च, दोन हजार चौदा.
तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते.
दर महिन्याला सरकारी तक्ता येतो,
नचिकेत तो पंचांगासारखा उघडतो.
दोन आठवडे पुढे सरकला. जागचा हलला नाही.
मागे गेला.
मागे गेलेल्या महिन्यात तो भांडी जोरात घासतो.
अन्विता तेव्हा आठ वर्षांची होती, दुधाचे दात पडत होते.
आता म्हणते, एकविसाव्या वाढदिवसाला केक नको.
एकविसाव्या वर्षी मूल आईच्या अर्जातून गळतं
हे तिने स्वतःच कुठेतरी वाचलंय.

मंगळवारी सव्वादहाला ब्रेंडाने बोलावलं.
तिच्या टेबलावर कागदी रुमालांचा नवा डबा होता,
वरची पट्टीही फाडलेली नव्हती.
मी पहिली असणार.

साठ दिवस.
त्याच रात्री आई फोनवर म्हणाली, साठी बुद्धी नाठी बघ,
चष्मा फ्रीजमध्ये सापडला.
मी खूप हसले, जरा जास्तच.
तिला अजून सांगितलेलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, तारीख तुमचीच राहील.
नवी कंपनी शोधा. नवी जाहिरात, नवा अर्ज,
रांगेतली जागा मात्र जुनीच.
म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल सीटवर आहे
आणि मी खाली, फलाटावर.
हे त्यांना इंग्रजीत सांगता आलं नाही.
तासाचे साडेचारशे डॉलर चालू होते.

शेजारचा वेंडेल बर्फ ओढता ओढता थांबला.
अकरा वर्षं कर भरताय, म्हणजे झालाच असाल ना इथले?
रांगेत आहे, म्हटलं.
कुठे आहे ही रांग? त्याने खरंच रस्त्याकडे बघितलं.
मग आमच्याही दारातला बर्फ त्याने काढला,
न विचारता, गॅरेजपर्यंत.

रात्री फाईल लावताना ते कात्रण निघालं, पिवळं.
मागल्या बाजूला एक हरवलेली मांजर:
करडी, डावा कान कातरलेला, हाक मारली तर येत नाही.

एक अर्ज आला होता म्हणे.
जेवताना थुई एकदा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.
कुणा माणसाचं अनुभवाचं एक वर्ष कमी पडलं.
त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.
कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आज एकोणिसावा दिवस.
वाचनालयात छपाईच्या यंत्रापाशी माझ्या पुढे एक माणूस,
पन्नाशीचा, तळहातावर सुटी नाणी मोजतोय.
त्याच्या कागदावरही वरती ठळक नाव, खाली वर्षं.
तो असेलच असं नाही.
या गावात माणसं काय कमी आहेत?
दहा सेंट कमी पडत होते, मी दिले.
तुमचं घाईचं आहे का, त्याने विचारलं, आधी घ्या.
नाही, म्हटलं, नंबर तुमचा.
यंत्राने त्याचा कागद अर्ध्यात अडकवला.
झाकण उघडून आम्ही दोघं
वाकून आत बघत राहिलो.