सकाळी आठचं रक्त

रात्रपाळीवरून तो थेट आला,
भुवयांवर रुईची लव.
नाव सांगितलं, प्रल्हाद गिराम.
आत बोलावलं तर उठेना.
तिसऱ्या हाकेला दचकला,
कुणी शेजारच्याला बोलवावं तसा.
मी काही विचारलं नाही. मानवतमध्ये लॅब चालवायची
तर नावांशी फार भांडू नये.

चिठ्ठीवर एकच शब्द, टेस्टोस्टेरॉन.
घडी घालून खिशात, तंबाखूच्या पुडीखाली.

मी नेहमीचं सांगते:
सुई टोचेल, कधी काळंनिळं होतं,
घेरी आली तर इथंच आडवं व्हा.
तो मान हलवत राहतो.
मग हळूच, "ताई, रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर येतो?"

उपाशी आहात?
हाव.
झोप?
कुठली झोप, रातभर गाठी दाबल्या.

इथं अडतं.
हे रक्त सकाळचं लागतं,
झोपून उठलेल्या माणसाचं,
आणि याची सकाळ होते
संध्याकाळी पाचला.
म्हणाले, एक रात्र सुट्टी घ्या, झोपा, मग या.
"सुट्टीला कारण सांगावं लागतं."

बाही वर केली. शीर ठसठशीत,
ओझं उचलणाऱ्यांची असते तशी.
कुपीवर नाव साडूचं की कुणाचं, तेच चिकटवलं.
शेऱ्यात लिहिलं: रात्रपाळी, झोप नाही.
मशीन शेरा वाचत नाही.
दुपारच्या परभणी गाडीनं थर्माकोलचा डबा गेला,
कंडक्टरनं सीटखाली सरकवला,
कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

गुरुवारी आला. कागद उलटा धरला.
"कमी आहे ना?"
होता. थोडा.
म्हणाले, हा मंगळवारचा आकडा आहे, जागलेल्या माणसाचा.
डॉक्टर पुन्हा करायला सांगतील,
तोवर गोळ्या नकोत,
जिममधल्या पोराची सुई तर नकोच.
त्याचा हात खिशाकडे गेला.
म्हणजे कुणीतरी आधीच सुचवलं होतं.

जाता जाता कोपर पुढे केलं,
निळं आता पिवळं पडलेलं.
"घरी विचारलं, हे काय झालं.
म्हणलं, मशीनचा पट्टा लागला.
तर तिनं हळद लावली."

दारात थांबला.
"पुढच्या बारीला तिला आणू का संगं?"

खुर्च्या दोनच आहेत, मी म्हणाले,
एक हलते. पण या.