सारण नको

ऑटम्वाच्या लुथरन चर्चचं तळघर.
पार्किंगमध्ये घोट्याएवढा बर्फ.
भट्टीशेजारी तुरुंगाचा कागद चिकटवलेला:
शेंगदाणे नकोत, फॉइल नको, रिबीन नको,
कुणाचं नाव लिहायचं नाही
आणि सारण भरलेलं काहीच नको.

म्हणजे करंजी बाद.
पोटात काही ठेवणाऱ्याचा भरवसा नाही त्यांना.
मी शंकरपाळे लाटायला घेतले.
मशिदीतून आलेली नुसैबा म्हणाली, वेलची चालेल?
कागदावर वेलचीचं काही नव्हतं.

आर्डिथ कोपऱ्यातल्या टेबलाशी,
प्रत्येक कच्च्या बिस्किटावर काटा दाबत,
एकदा सरळ,
एकदा तिरका.
सहाशे चाळीस बिस्किटं.
मी म्हटलं, राहू द्या, मनगट धरेल.
कोण बघतंय नक्षी?

तिचा हात थांबला नाही.
"कुठली पिशवी कुठल्या कोठडीत जाते
सांगत नाहीत.
म्हणून सगळ्यांवर."

मी ड्रॉवरमधून दुसरा काटा काढला.
दोन-तीन ओळी झाल्या असतील.
"इतका खोल नको," ती म्हणाली,
"त्याला कडा..."

आणि पीठ चाळायला लागली,
चाळलेलंच.