तीनच्या आत

पहिल्यांदा पाच पूर्णांक आठ आलं.
मुंबई नाक्याच्या पंपावर, हवेच्या मशीनशेजारच्या टपरीत
पोरानं नळी सायलेन्सरमधून ओढून काढली,
शेपटीला धरून उंदीर काढावा तशी,
म्हणाला, मावशी, तीनच्या आत पाहिजे.
मग आवाज बारीक करून:
दोनशे जास्त द्या, नळी त्या स्विफ्टला लावतो,
फोटो तुमच्या नंबरचा.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या मी.
एक रेघ केसभर सरकली
की अख्खा कागद बाजूला.
चालतंय की, कोण बघतंय,
असं तिथं म्हणता येत नसे.
बघायला मीच होते.

आणि गाडी त्याच ओव्हरटाइमची.
त्र्याण्णवची फियाट, दुधी,
जेलरोडच्या आमच्या गल्लीत बाईनं घेतलेली पहिली.
गिअर टाकताना अजून खांदा दुखतो, दुखू दे.

हनीफ कोकणीचं गॅरेज सारडा सर्कलच्या मागं.
बॉनेट उघडून त्यानं आधी वास घेतला,
फोडणी करपली का बघावं तसा.
पेट्रोल फार पितेय, म्हणाला, हवाच खात नाही.
एअर फिल्टरमधून निघाला
द्वारकेचा तीन वर्षांचा धूर,
एक वाळका मुंगळा,
कुठल्या तरी वरातीतली चमकी.
कार्बोरेटर खोलून त्यानं रॉकेलच्या थाळीत मांडला,
जेट फुंकलं, उजेडाकडं धरलं, एक डोळा मिटला.
साफ.

बघू, म्हटलं.
सुईएवढ्या भोकातून पलीकडच्या रसवंतीचं चाक दिसलं
आणि भोकाच्या काठाला, डावीकडं,
एक तांबूस कण.
घाण आहे इथं.
त्यानं पाहिलं, नाही म्हणाला,
चष्मा लावून परत पाहिलं.
मग माझ्याकडं:
प्रेसमधल्या का तुम्ही?

मग मिक्श्चरचा स्क्रू.
पाव फेरा, कान.
पाव फेरा, कान.
शेजारच्याचा ग्राइंडर बंद करायला लावला.
गाडी एकदा गुदमरली, दोनदा ठसकली,
आणि धाग्याविना शिवणयंत्र चालवावं
तसा एक कोरडा, सरळ आवाज धरून बसली.

आता ऐका, म्हणाला हनीफ.
उड्डाणपुलावरून पांडवलेण्यापर्यंत न्या, चांगली तापू द्या,
तशाच फिरा, तशाच टपरीवर.
इंजिन मधे बंद केलंत
तर मी तुम्हाला ओळखत नाही.

रांगेत पुढं कांद्याचा टेम्पो. त्याच्यापुढं दोन रिक्षा.
पोरगा चहाला गेलेला.
सतरा मिनिटं मी ॲक्सिलरेटरवर अंगठ्याएवढं वजन ठेवून बसले.
बंद करा ना बाई, पेट्रोल जळतंय, रिक्षावाला म्हणाला.
त्याचं खरं होतं.
तापमानाचा काटाही हळूहळू त्याच्याच बाजूनं झुकत होता.

नळी आत गेली.
चार एक.
तीन सहा.
तीन दोन.
तीन.
आणि आकडा तिथंच उभा राहिला,
उंबऱ्यावर पाय ठेवून आत यायचं की नाही ठरवणाऱ्या पाहुण्यासारखा.

चालतंय मावशी, पोरगा म्हणाला.
चालतंय नको. आत पाहिजे म्हणालास ना, थांब.
मागून हॉर्न वाजले.
मी क्लचवरून पाय काढला, पाठ टेकली,
हनीफनं धरला होता तसा कान धरला.
दोन नऊ.
दोन सात.
दोन सात.

प्रिंटरमधून कागद आला.
सवयीनं मी तो उन्हाकडं धरला.
शाई फिकट, ओळी उजवीकडं उतरलेल्या,
गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा
अर्धा कागदावर, अर्धा हवेत.

परत छाप, म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं,
आणि ड्रॉवर उघडून नवा कागद शोधू लागला.
गाडी चालूच होती.