आधी डबे

महिना झाला, डुक्कर फियाट
अनगोळात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
विटांच्या चार थप्प्यांवर उभी आहे,
आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन
तिच्याभोवती फिरतो,
बैलाचे दात बघायला न धजणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

नंदगडकडच्या बंद कौलांच्या कारखान्यातून आणली तिला,
ट्रॅक्टरला बांधून, दर दोन मैलांवर दोर आवळत.
मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं
आणि एक अंडं, कधीचं कोण जाणे.
हलवलं तर आत काहीतरी वाळलेलं खुळखुळलं.
ते अजून टाकलेलं नाही.

बसलिंग होसमनी म्हणतो, मोदलु इंजिन नोडोण री,
जीव आहे का बघू, मग अंगाला हात.
गौससाब किल्लेदार वाकून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचतो.
आरपार जातो तो, मांड्याच्या घडीतून बोट जावं तसा.
"आधी हे. तळच नाय तर इंजिन ठेवणार कशावर?"
भाची शाल्मली फोनवर हिरव्याच्या सतरा छटा दाखवते.
मुतगेकर गुरुजी कुंपणापलीकडून: कागद हाईत काय, कागद?
आणि ही, दारात तांदूळ पाखडत,
"संपवायलासा कुठं, ते ठरवा की आधी."

मी पॅटर्नमेकर.
उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
पंपाची, पुलीची, व्हॉल्व्हची सागवानी रूपं तासली.
माझी पट्टी जगाच्या पट्टीहून लांब होती,
फुटाला एक सूत जास्त.
लोखंड निवताना आखडतं, म्हणून.

डॉक्टर कोकितकर या असल्याच गाडीतून येळ्ळूरला यायचे.
पुढची दारं उलटी उघडायची,
आम्ही पोरं म्हणायचो, गाडीला कान आहेत.
तेव्हा ती खोलीएवढी होती.
काल हिच्यात बसलो तर गुडघा स्टिअरिंगला लागला.
इथं फुटाला किती सूत धरायचं
ते मला कुणी शिकवलं नाही.

परवा राहवलं नाही. बंपरचा एक बोल्ट,
रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी पाना लावला,
अर्धा आटा फिरला, बरं वाटलं,
आणि डोकं हातात आलं, दुधाच्या दातासारखं.
मग नंबरप्लेट खरवडत बसलो.
कानडी आकड्यांखाली मराठी आकडे,
त्यांच्याखाली इंग्रजी, त्याच्याखाली गंज.
नंबर तिन्हींत तोच.
तिथं थांबलो.

रात्री झोप नाही.
फौंड्रीत पहिला दिवस आठवला:
मिस्त्रींनी रंधा दिला नव्हता.
लाकडाच्या ढिगाजवळ बसवलं आणि म्हणाले,
कुठला तुकडा कुठून निघाला, लिहून ठेव.
संध्याकाळपर्यंत एवढंच केलं होतं. रडू आलं होतं.

सकाळी माळ्यावरून कुंद्याचे रिकामे डबे काढले.
दिवाळीचे, बारशांचे, कुणाच्या तरी निवृत्तीचे,
धरून तेवीस.
प्रत्येकावर औषधाची चिकटपट्टी, त्यावर पेननं:
डाव्या दाराची बिजागरी. काचेचं हँडल. हॉर्न.
बसलिंगनं प्रत्येक पट्टीवर खाली कानडीत लिहिलं,
त्याचं अक्षर माझ्याहून बरं आहे.
तुटलेल्या डोक्याला स्वतंत्र डबा दिला.
पट्टीवर, "पहिला."
अंड्यालाही दिला, कापूस घालून.
त्यावर काय लिहायचं, दोघांनाही सुचलं नाही.

"मग इंजिन?" तो विचारतो.
निधान, मी म्हणतो, त्याच्याच भाषेत.
तो हसतो, कानामागची पेन्सिल काढून मला देतो.

डबे कमी पडले.
हिनं दुपारी शेजारून आणखी चार आणले.
एकात तळाशी थोडा कुंदा होता,
तो तिघांनी खाल्ला,
आणि डबा धुवून
बॉनेटवर उन्हात पालथा ठेवलाय.