समोरच्या काठावरून

प्तुयच्या सपाटीवर आमची गाडी शहाण्यासारखी वागते.
चढ लागला की भांडी बोलू लागतात,
चमचे, झाकणं, कॉफीचं पितळी भांडं,
आणि कपाटाचं ते दार,
जे व्हिंकोनं स्वतःच्या लग्नातल्या टायनं बांधून ठेवलंय.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
आमचं बिऱ्हाड आम्हालाच पोटात घेऊन निघतं
आणि पोटातून आम्ही ओरडतो:
डावीकडे घे.
घेतोय.
अजून.
अजून कुठे, बर्नार्डा, आभाळात?

व्हर्शिचची वळणं पन्नास.
प्रत्येकाला पाटी, पाटीवर नंबर, नंबराखाली उंची.
नवव्याला फरसबंदीवर मागचं चाक सरकलं.
अकराव्याला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला,
आमच्याच वयाचा असेल, वर मान वळवून हसला मेला.
सोळाव्याला टायची गाठ सुटली
आणि टोंचकासाठी जपून आणलेली बाटली खाली आली.
भोपळ्याच्या बियांचं तेल, हिरवं म्हणता म्हणता काळं.
अर्धं वाचलं. अर्धं व्हिंकोच्या मोज्यांनी प्यायलं.
चोविसाव्यानंतर माथा.
तिथे थोडं पाणी इंजिनाला, थोडं आम्हाला,
आणि मग उतार, ब्रेकचा जळका वास,
खाली त्रेंता.

टोंचका फोनवर एवढंच म्हणाली होती:
तो हल्ली खिडकीशीच असतो.

लुडव्हिकनं तीस हिवाळे या घाटातला बर्फ काढला.
आता उजवा हात मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
बाटली हातात देताच त्यानं विचारलं,
कितव्याला पडली?
सोळाव्याला.
हं. तिथे सगळ्यांचंच काहीतरी पडतं.

माडीवर गादी घातलेली होती.
आम्ही गाडीतच झोपणार.
हे भांडण दर वर्षीचं, संवाद पाठ.
पण या वेळी लुडव्हिक मध्येच म्हणाला,
मला दाखवा की तुमचं घर.

पायरी उंच.
व्हिंकोनं काखेत धरलं, मी पाय धरले,
टोंचका नुसतीच उशी घेऊन भोवती फिरत राहिली.
शेवटी शेजारचा यर्नेय मेंढ्या सोडून आला
आणि एका दमात त्याला पुढच्या सीटवर ठेवून गेला.
त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली.
फ्रिज उघडायला लावला, बंद करायला लावला.
टोंचका चहा ठेवायला उठली
आणि स्वतःच्याच अंगणात उभं राहून मला विचारू लागली,
साखर कुठे असते गं तुमच्यात?

चल, लुडव्हिक म्हणाला.
कुठे?
पुलापलीकडे.

पलीकडच्या काठावर गाडी लावली, इंजिन बंद केलं.
सोचाचा तो हिरवा रंग तोवर अंधारानं नेला होता,
मध्ये फक्त तिचा आवाज.
आणि आवाजाच्या पलीकडे एक घर:
स्वयंपाकघरात दिवा,
भिंतीला टेकवलेली शिडी,
दोरीवर चार कपडे.
एक्केचाळीस वर्षं त्या दिव्याखाली जेवलेली दोघं
काचेला नाक लावून बघत राहिली.

कुणीतरी राहतंय तिथे, तो म्हणाला.
कपडे आत घ्यायला विसरलेत, ती म्हणाली.
बेशिस्त माणसं.
हो. पण दिवा राहू दिला ते बरं केलं.

परत जायचं कुणी नावच काढेना.
दोघांच्या बिछान्यात तिघं,
टोंचकाचे पाय सिंकखाली,
लुडव्हिक सीट मागे करून तिथेच,
आणि सगळ्या गाडीभर मोज्यांतल्या तेलाचा वास.

रात्री केव्हातरी जाग आली.
तो हळू आवाजात मोजत होता:
पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.
मध्ये थांबायचा, बर्फ जास्त असेल तिथे.
मी कूस बदलली नाही.
एकतीसला बराच वेळ गेला.
सव्वीस.
पंचवीस.
मग फक्त श्वास ऐकू आला,
आणि नदी.