अकराशे त्रेचाळीस तास

लेम्स्टरच्या लिलावात तो रांगेत शेवटी उभा होता,
एक चाक बसलेलं, बॉनेटवर कोंबडीची शीट.
सहाशे पौंड. मी हात वर केला
तो खरं तर टोपी सावरायला,
असं दिगंबरला सांगितलं.
त्याने विश्वास ठेवला नाही. गाडी मात्र
मुकाट्याने गॅरेजबाहेर काढली,
ऐन थंडीच्या तोंडावर.

अठरा घोड्यांचा. तीन सिलिंडर. जपानी.
प्रत्येक दांड्याशेजारी चिकटवलेली त्यांची अक्षरं.
कुठला कशाचा, ते ओढून बघायचं
आणि काय हलतंय ते पाहायचं.
या देशात आले तेव्हा अशीच शिकले होते,
बॉयलर, बँक, आणि बायकांचं ‘लव्हली’.

एकतीस वर्षं हेरफर्डच्या इस्पितळात एक्स-रे काढले.
न उघडता आतलं बघायची सवय.
इथे उघडल्याशिवाय काही दिसेना,
आणि उघडायला गेलं की बोल्टचं डोकं हातात.

मागच्या अॅक्सलचं झाकण निघालं
तेव्हा आत चिखल होता, सुकून दगड झालेला,
करडा, बारीक. आमच्याकडची माती तांबडी.
त्यात भाताचं एक तूस. नखावर घेतलं.
कुणाच्या तरी खाचरात हा रुतला असणार,
कुणीतरी याला आईबहिणीवरून ऐकवलं असणार,
ज्या भाषेत मला ‘क्लच’ही वाचता येत नाही.
तूस मी टोपणात ठेवलं. टोपण कुठे ठेवलं, ते आठवत नाही.

पलीकडचा ग्लिन प्रॉसर बेअरिंग ओढायचं पुलर घेऊन आला.
पाना धरला आणि मी बघतच राहिले:
उजवी तर्जनी, दुसऱ्या पेरात वाकडी.
हे पेर माझ्या ओळखीचं.
अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट, गवताच्या गठ्ठ्यांच्या यंत्रात सापडलेलं.
प्लेटवर सरळ ठेवा, मी म्हणाले होते.
सरळ होत असतं तर आलो कशाला असतो, तो म्हणाला होता.
चेहरा विसरले. हाड नाही.
त्याला काही आठवलं नाही. मीही बोलले नाही.
‘घट्ट आहे,’ तो म्हणाला. ‘तेल सोड, रात्रभर राहू दे.’

रंगावरून महिनाभर जुंपली.
मूळचा निळा लाव, किंमत येईल, असं ग्लिनचं.
हिरवा, म्हणजे बागेत दिसणार नाही, असं दिगंबरचं.
मी वांगी लावला.
तीन हात, मधे पॉलिश पेपर,
जपानी अक्षरांवर तेवढी टेप, कडा नखाने दाबून.
पायरी वेल्ड केली, माझ्या गुडघ्याच्या मापाची.
सीटला दिगंबरच्या कॉर्डरॉय पँटची खोळ.
स्टिअरिंगजवळ सायकलची घंटा. कशाला,
असं कुणी विचारलं नाही. बरं झालं.

तासांचा आकडा ११४३ वर अडकलेला.
शून्यावर आणू या का, ग्लिन म्हणाला.
मी टेप उचलून दुसरीकडे ठेवली.

मार्चमध्ये डिझेलमधली हवा काढली.
ग्लो प्लगला वीस आकडे, मी मराठीत मोजले,
एकोणीसला धीर सुटला.
एकदा खोकला. मग काहीच नाही.
मग सगळ्या गॅरेजभर पांढरं,
आणि त्या पांढऱ्यात ठक ठक ठक,
कुणी घाईत पोहे कांडतंय तसं.
क्लच सोडला. तो मागे गेला.
हिवाळाभर बाहेर भिजलेल्या गाडीच्या बंपरपर्यंत.

दिगंबर चपला न घालताच आला.
बंपर बघितला, मला बघितलं.
‘हिलाही वांगीच लाव आता,’ म्हणाला.

ग्लिनने लांबूनच बोट केलं, पुढे न्यायचा दांडा कुठला ते.
बोट त्याच्या शेजारच्याच दांड्याकडे जात होतं.
हाड कुठे वळलंय, मला माहीत होतं.
तेवढा कोन वजा केला
आणि बरोबर दांडा ओढला.