सायलू मास्तरांना काढल्यानंतरचा रविवार

पत्र एवढंसं. तीन ओळी, एक शिक्का.
मोईनच्या टपरीच्या काचेवर, खारीच्या बरणीशेजारी:
'निकाल समाधानकारक नसल्याने
व प्रेक्षकांची नाराजी लक्षात घेऊन...'

प्रेक्षक म्हणजे आपणच की, म्हणाला संघदीप खिल्लारे
आणि तोंडाशी नेलेला कप त्यानं खाली ठेवला.
कुणी बोललं नाही.
मागच्या महिन्यात हिंगोलीनं चार गोल घातले तेव्हा
'मास्तर, घरी जाव!' असं ओरडणारा मी होतो.
रागानंच. पण घरच्या माणसावर निघतो तसला राग.
तो कुणी शिक्का मारून फायलीला लावील
हे काय ठाऊक.

सोळा वर्षं.
लोको शेडची ड्यूटी सुटली की ऑइलचे हात तसेच घेऊन
मास्तर मैदानावर.
एप्रिलात टँकरवाल्याला गाठून, गोड बोलून,
अर्धा टँकर पेनल्टी बॉक्समध्ये रिचवायचे.
त्यांची मराठी तेलुगूच्या अंगानं चालायची:
'बॉल पळतो बाबा, तू कशाला पळतो?'
पूर्णेत हे वाक्य आता लग्नाच्या पंगतीतही म्हणतात,
वाढपी घाई करायला लागला की.

यादगिरीनं ठरवलं, रविवारी कुणी आत जायचं नाही.
कंपाउंडच्या भिंतीवर बसायचं,
मैदानाकडं पाठ, रुळांकडं तोंड.
चाळीसेक जण बसलो.
रेल्वे दवाखान्यातल्या फिलोमिना सिस्टरही आल्या,
त्यांनी या पोरांचे इतके गुडघे बांधलेत
की चालीवरून नाव सांगतात.
संघदीपचा धाकटा गोलकीपर. तो आत होता.
संघदीप बाहेर, मान ताठ,
कान मात्र पाठीला फुटल्यासारखे.

पाठ करून मॅच बघता येते, हे मला माहीत नव्हतं.
बुटाचा ठोका. शिट्टी.
मग आपली पोरं एकदम गप्प होण्याची ती तऱ्हा:
नांदेडनं गोल केला.
कुणी वळलं नाही.
कोळशाची मालगाडी आली, आम्ही डबे मोजले,
अठ्ठावन्न,
मोजायला दुसरं होतं काय?

गाडी सरली
तर पलीकडं जुन्या स्लीपरांच्या ढिगावर मास्तर उभे.
इस्त्रीचा शर्ट. गळ्यात शिट्टी नाही.
आमच्या डोक्यांवरून मैदानाकडं बघत होते.
रामराम नाही, काही नाही.
'लेफ्ट बॅक आत आला बाबा,' म्हणाले, 'जागा सोडली.'
यादगिरी म्हणाला, मग ओरडा ना मास्तर.
'मला कागद आला,' मास्तर म्हणाले.
'तुम्हाला कुठं आला?'

आधी सिस्टर वळल्या, पदर खोचून.
मग संघदीप. मग सगळी भिंतच फिरली.
मास्तर रूळ ओलांडून जवळ आले, हळू बोलायचे,
कानात सांगितल्यासारखे,
आणि आम्ही चाळीस गळे लावून:
सोहेल, बाहेर! बाहेर राहा!
थांब, त्याला येऊ दे!
बॉल पळतो बाबा!
नवा कोच, पोरगाच, कोरा ट्रॅकसूट,
त्यानं एकदा भिंतीकडं पाहिलं.
मग हातातला टॅब बाकावर पालथा ठेवला.
अध्यक्ष खुर्चीतून उठले, परत बसले.

हरलोच. दोन-एक.
पण तो एक असा होता की काय सांगू,
नाही सांगता येत, राहू द्या.

ऊन उतरलं होतं. लोक पांगले.
मास्तर अजून भिंतीला हात लावून उभे,
पोरं बूट सोडत होती तिकडं बघत.
मी जवळ गेलो. काय बोलावं सुचेना,
आणि तोंडातून निघालं तेच:
मास्तर, घरी चला.

त्यांनी मान वळवली नाही.
'आवाज ओळखीचा आहे बाबा,' म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं:
'मोईनचा चहा अजून तसाच गोड आहे का,
की तिथं पण नवीन माणूस?'